पडलो, पण सांगायचं कुणाला?

गेल्या अंकात मी ओल्या मोरीत घसरून पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर सतरा पत्रं आली. बहुतेक लेकीसुनांची, थोडी मुलांची. ज्यांच्याबद्दल ती आहेत त्यांनी स्वतः लिहिलेली मोजून चार. ही चारही इथे घेतली आहेत, आणि बाकीच्यांतली दोन. नावं कुणाचीच छापत नाही, कारण निम्म्या पत्रांच्या शेवटी 'घरी कळू देऊ नका' असं आहे.

आई ७८ वर्षांची आहे. नाशिकला गंगापूर रोडच्या बंगल्यात एकटी राहते, बाबा जाऊन तीन वर्षं झाली. मी हिंजवडीला नोकरी करते. परवा आले तर तिच्या कोपरावर हिरवापिवळा डाग. 'कपाटाचं दार लागलं' म्हणाली. मला खरं वाटत नाही. तिला पुण्याला आणावं असं आम्हा दोघांनाही वाटतं, पण विषय काढला की ती ताटावरून उठते. — एक लेक, पुणे

मलाही खरं वाटत नाही. डाग हिरवापिवळा झालाय म्हणजे मार काही दिवस तरी, कदाचित आठवडाभर, जुना असणार. त्या आठवड्यात तुमचं रोज फोनवर बोलणं झालं असेल. भाजी कुठली केली हे तिने सांगितलं असेल, एवढंच सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे तिला विचारायच्या आधी स्वतःला विचार. मागच्या वेळी ती धडपडली तेव्हा तुझं पहिलं वाक्य काय होतं? 'म्हणून म्हणते, पुण्याला चल' हे असेल, तर पडल्याची शिक्षा घर सुटणं आहे हे तिला पक्कं समजलंय. मग कोण खरं सांगेल?

तिच्याशी सौदा कर. सहा महिने पुण्याचं नाव काढायचं नाही. बदल्यात तिने प्रत्येक पडणं, नुसतं ठेचकाळणंसुद्धा, त्याच दिवशी तुला सांगायचं. आणि सांगितल्यावर तू रागवायचं नाहीस. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

पुढच्या खेपेला आलीस की घर बघ. मी चौतीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून नाशिकमधल्या घराघरांत गेले. कुणाकडेही गेले की चहा यायच्या आत 'जरा हात धुऊन येते' म्हणून मी बाथरूममध्ये शिरते आणि टॉवेलचा दांडा हलवून बघते. तो चांगला घट्ट असेल तर ठीक. एका बाजूचा स्क्रू बाहेर आलाय, त्याखाली टाइल्सवर पांढऱ्या भुकटीची बारीक रेघ आहे, दांडा त्या बाजूला जरा कललाय, असं दिसलं की समजते, या घरात कुणीतरी त्याला धरून उठतंय. टॉवेलचा दांडा टॉवेलसाठी असतो. माणसाचं वजन तो एक दिवस घेतो, दोन दिवस घेतो आणि मग माणसासकट खाली येतो. दुसरी खूण कमोडशेजारच्या भिंतीवर. कमरेच्या जरा वर, हाताचा पंजा टेकतो तिथे रंग मळकट झालेला असतो. धरायचा दांडा नेमका तिथेच लावायचा. प्लंबरला विचारू नकोस, त्या डागाला विचार.

दांडा स्टीलचा, मूठ पूर्ण वळेल असा, ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा घे. भिंतीपासून चारेक सेंटिमीटर सुटा असावा. जास्त अंतर ठेवलंस तर हात निसटून मागे अडकतो. तुमचा बंगला जुना, विटांचा असेल तर काम सोपं. नव्या इमारतींत पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात साधा प्लग ओढला की बाहेर येतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचेच वेगळे अँकर लागतात. आणि ते रबरी वाटीने भिंतीला चिकटणारे हँडल ऑनलाइन मागवू नकोस. सुताराने काम संपवलं की त्याच्यासमोर तू स्वतः दांड्याला लोंबकळ. त्याला राग आला तर येऊ दे.

आता दार. बहुतेक बाथरूमची दारं आत उघडतात. आतला माणूस पडला तर तोच दाराला अडसर होतो, बाहेरून ढकलता येत नाही. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं करून घे, आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी बसव.

आणखी एक जागा मुलं कधीच बघत नाहीत, ती म्हणजे तुळस. सकाळी आई पाणी घालायला जाते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात वृंदावनाभोवती शेवाळ धरतंच. ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासून घे. कुंडीतली तुळस असेल तर ती दाराजवळ आणता येते, पण तिला विचारून. तू परस्पर हलवलीस तर ती परत जागेवर नेऊन ठेवेल, तीही एकटीने उचलून! देवघरापुढे तेलाचा थेंब सांडलाय का तेही पाहा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर तो दिसत नाही.

पुण्याबद्दल एवढंच. तिथल्या फ्लॅटमध्ये रात्री उठल्यावर बाथरूम डावीकडे की उजवीकडे हे तिला आठवायला लागेल. इथे अंधारातही तिचे पाय जातात. शिवाय गोल्फ क्लबवर रोज फेऱ्या मारणाऱ्या चार जणी असतील (अनंत कान्हेरे मैदान असं त्याचं नाव आहे, पण आपण कुठे म्हणतो?), तर त्या चौघींना तू पुण्यात कुठून आणणार? गॅस चालू ठेवून विसरायला लागली, संडासला एकटीने जाणं होईना, तर विषय पुन्हा काढ. तोवर नको.

वय ७६. नोट प्रेसमधून निवृत्त. रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं. दोनदा तोल गेला, एकदा पलंगाचा कोपरा बरगडीला लागला. मुलाला सांगितलेलं नाही. सुनेने चार पायांची काठी आणली, ती मी कपाटामागे ठेवली आहे. प्रेसमध्ये उभं राहून नोकरी केलेला माणूस आहे मी. काठीशिवाय उपाय सांगा. — जेलरोड, नाशिकरोड

दादा, काठी राहू दे कपाटामागे, तिचं नंतर बघू. आधी गोळ्यांची यादी काढा. ब्लडप्रेशरची, झोपेची, प्रोस्टेटची अशा गोळ्या चालू असतील तर झोपेतून एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब झर्रकन खाली येऊ शकतो. डॉक्टरांना सांगा, 'झोपवून एकदा मोजा, उभं करून लगेच मोजा आणि तीन मिनिटांनी परत मोजा.' वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर तुमच्या पडण्याचं कारण तिथेच सापडलं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. पण लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी घेता येईल का, हे जरूर विचारा. तीनाचं दोनदा होईल.

तोपर्यंत रात्री जाग आली की पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा. पावलं खालीवर दहा-पंधरा वेळा हलवा. मग उभे राहा आणि उभ्याउभ्या दहा आकडे मोजा. दहा मोजेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारलं नाही तरच पाऊल उचला. पलंगापासून संडासापर्यंत दोन सेन्सरचे दिवे लावा, पाय खाली टाकला की आपोआप लागतात. साठीनंतर डोळ्याच्या आत पोचणारा उजेड तरुणपणाच्या मानाने बराच कमी असतो, त्यामुळे नातवाला लख्ख दिसतं तिथे आपण चाचपडतो. थंडीच्या रात्री तर मेडिकलमध्ये मिळणारं प्लॅस्टिकचं युरिनल पलंगाखाली ठेवावं. सुनेला सांगायची लाज वाटत असेल तर स्वतः जाऊन आणा, कागदात गुंडाळून देतात.

आता लाजेवरच आलोय तर माझं ऐका. मागच्या की त्याच्या मागच्या दिवाळीच्या आधी मी स्टुलावर चढून माळ्यावरचं पुरणयंत्र काढत होते. वय ६८, अंगात गाऊन, पायात सपाता, हाताखाली कुणी नाही. पेशंटना जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं एका वेळी केलं. स्टूल सरकलं, मी उजव्या हातावर आले. मनगट सुजलं. असली मनगटं मी शेकड्याने हाताळली आहेत, बघताक्षणी मला कळलं होतं. तरी बेंगळुरूहून मुलाचा फोन आला तेव्हा 'मुरगळलंय जरा' म्हणाले आणि चार दिवस क्रेप बँडेज बांधून फिरले. पाचव्या दिवशी एक्स-रे काढला, हाड मोडलेलं. वेळेवर प्लास्टर न घातल्यामुळे ते मनगट अजून पूर्ण वळत नाही, पोळी लाटताना कळतं. चार दिवस गप्प का बसले? मुलगा 'इकडे ये' म्हणेल म्हणून. तुम्ही काठी लपवलीत, मी मोडलेलं हाड लपवलं. तेव्हा मी तुम्हाला उपदेश करायच्या लायकीची नाही, पण बरगडीचं मुलाला आज सांगून टाका. आणि 'पडलो' एवढंच नका सांगू. 'पडलो, डॉक्टरांकडे उभं-आडवं ब्लडप्रेशर बघायला जायचंय, शनिवारी गाडी काढशील का' असं सांगा. हातात काम दिलं की मुलं घाबरत नाहीत.

खुर्चीत बसा, हात छातीशी घडी घाला आणि पाच वेळा पूर्ण उठून बसा. घड्याळ लावा. १५ सेकंदांच्या वर गेलं तर पायातली ताकद कमी पडतेय. मग हाच व्यायाम सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, सुरुवातीला हाताचा टेकू घेऊन. प्रेसमधल्या उभ्या नोकरीची पुण्याई आता संपत आली असेल, नवी जमवायला हवी.

काठीची उंची हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत हवी. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. टोकाचं रबरी बूच झिजलं की बदलायचं. चारपायी काठी सपाट फरशीवर चांगली, जिन्यावर मात्र तिचे चारही पाय पायरीवर मावत नाहीत. तुमच्यासाठी साधी एकपायी पुरेल असं वाटतं. आणि हो, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावू नका. थोडं शुल्क घेऊन पोस्टमन घरी येऊन करून देतो, किंवा नातू मोबाइलवर तुमचा चेहरा दाखवून करील.

रविवार कारंजाजवळ वाड्यात वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, ७४ आणि ७०. जिना लाकडी, उभा. संडास खाली अंगणाच्या टोकाला. आम्ही भाडेकरू, मालक खिळासुद्धा मारत नाही. मुलं म्हणतात फ्लॅटमध्ये चला. — नाशिक शहर

तुमचा जिना मी न बघता ओळखते. माझ्या सासूबाईंच्या वाड्यात असाच होता. पायरी अर्ध्या पावलाची, चढ शिडीसारखा, वर झडप, आणि धरायला वरून सोडलेला सुती दोर. त्या दोराला एका ठिकाणी गाठ होती. तीन पिढ्यांच्या हातांनी ती इतकी गुळगुळीत झाली होती की तेल लावल्यासारखी चमकायची. सासूबाई ८१व्या वर्षापर्यंत त्या गाठीला धरून वर गेल्या. पण एक करायच्या, उतरताना तोंड जिन्याकडे ठेवून, शिडी उतरतात तशा मागे मागे यायच्या. आम्ही हसायचो. पुढे कॉलेजात शिकताना कळलं की उभ्या जिन्यावर तीच पद्धत बरोबर.

तुम्हीही तसंच उतरा. दोर एकच असेल तर दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा ठोकून घ्या, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. मालकाला लेखी कळवा, पण त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंदीचा पांढरा ऑइलपेंटचा पट्टा मारा. दिव्याचं बटण खालीही हवं आणि वरही. दोन्ही हातांत काही घेऊन चढायचं नाही. भाजी खांद्याच्या पिशवीत, पाण्याची बादली दुसऱ्या कुणाकडून. चष्मा दुभागी असेल तर खालच्या काचेतून पायरी अंधूक दिसते, मान खाली घालून वरच्या काचेतून बघा, नाहीतर चालायचा चष्मा वेगळा करून घ्या. रात्री अंगणात जायचंच नाही, वरच कमोडची खुर्ची ठेवा.

हे सगळं वाडा धड असेल तरच. तुळईला वाळवी आहे, भिंतीला पोट आलंय, पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस दारावर लागलीये, असं असेल तर माझं वरचं सगळं विसरा आणि मुलं म्हणतात ते ऐका. तिथे कठडा लावून उपयोग नाही.

बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. हिवाळ्यात सासऱ्यांना अंघोळीनंतर चक्कर येते, डोकं दुखतं. वयामुळे असेल का? — सिडको

वयामुळे आहे असं धरून बसू नका. गिझर आजपासून बंद! बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस बेशुद्ध पडतो. यात जीव गेलेले आहेत. नाशिकच्या थंडीत म्हातारी माणसं झरोका बोळा घालून बंद करतात आणि अंघोळ सावकाश करतात, म्हणजे धोका दुप्पट. गिझर बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत हलवा, किंवा विजेचा घ्या. विजेचा घेतला तर वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि तापमान ५० अंशांच्या पुढे नेऊ नका. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. सासऱ्यांना डॉक्टरांकडेही न्या आणि गिझरचं त्यांना आवर्जून सांगा.

मी ७२, यजमान नाहीत. मुलगा म्हणतो, फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने माझ्या नावे कर, नंतर कटकट नको. मुलगा चांगला आहे. — इंदिरानगर

चांगलाच असेल. मी वकील नाही, तरी या प्रश्नाचं उत्तर टाळत नाही, कारण धरायला दांडा लावायचा तर आधी भिंत आपली हवी. बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याचं झालं, ते सहजी परत घेता येत नाही. मृत्युपत्र जिवंतपणी कितीही वेळा बदलता येतं, त्यावर दोन साक्षीदार लागतात, आणि नोंदणी केली तर उत्तम, पण सक्तीची नाही. 'कटकट नको' एवढाच हेतू असेल तर मृत्युपत्राने भागतं. त्याला तसं सांगून बघा. त्याचं तोंड कसं होतं ते बघितलं की पुढचा निर्णय सोपा होईल.

बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळ करण्याची अट त्यातच स्पष्ट लिहून घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३नुसार, अशा अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन सांभाळ केला नाही तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं, आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अट तोंडी असेल तर भांडत बसावं लागतं. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ कोर्टात तुमचा स्वतःचा वकील गाठा, मुलाचा नव्हे. नुसती माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो.

निवृत्त शिक्षिका, वय ८०, पंचवटीत एकटी. मला पडायची भीती नाही, पडून राहायची आहे. — पंचवटी

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पडल्यावर लगेच उठू नका. एक मिनिट तसंच पडून हातपाय हलवून बघा. कंबर किंवा मांडी प्रचंड दुखतेय, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर उठायचा प्रयत्नच नको. आलेल्या माणसालाही काखेत हात घालून उचलू देऊ नका, पांघरूण मागा आणि १०८ लावायला सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर अगदी बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचंच.

काही मोडलेलं वाटत नसेल तर कुशीवर वळा, हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर या, जवळच्या जड खुर्चीपर्यंत रांगत जा. दोन्ही हात बैठकीवर, आधी मजबूत पाय टेकवा, मग वर या आणि वळून बसा. मोबाइल गळ्यात कापडी पिशवीत असू दे, टेबलावर ठेवलेला खाली पडलेल्या माणसाला मिळत नाही. शेजारी एक किल्ली द्या. रोज सकाळी साडेसातला शेजारणीला मिस्ड कॉल, पावणेआठपर्यंत आला नाही तर तिने दार उघडायचं, एवढं ठरवून टाका. माझं आणि समोरच्या वहिनींचं असंच आहे, मनगटानंतर सुरू केलं.

उठायचा सराव अंगात बळ आहे तोवर जाड गादीवर करून ठेवा, सोबत कुणीतरी असताना. आणि घरकामाच्या बाईंना आधी सांगून ठेवा. माझ्या एका पेशंट आजींनी न सांगता सराव केला, त्यांच्या बाई दारात आल्या, आजींना जमिनीवर रांगताना बघितलं आणि किंचाळत तीन जिने उतरून वॉचमनला घेऊन आल्या. तोवर आजी खुर्चीत बसून लसूण सोलत होत्या.